बेंझिनच्या रिंगमधले डबल बॉन्ड गेले कुठे?

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टसाठी डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) करतोय. पबकेम या रेणूंच्या डेटाबेसवरून पॅरासिटामॉलची एसडीएफ फाइल घेऊन पायमोल या रेणू बघायच्या प्रोग्रॅममध्ये व्हॅलन्स (सिंगल-डबल बॉन्ड वेगळे दाखवायची सोय) ऑन करून बघितलं तर रिंगमध्ये एकाआड एक डबल बॉन्ड दिसतात, डॉकिंगनंतरच्या पीडीबीक्यूटी फाइलमध्ये सगळे सिंगल, आणि मित्राच्या मोल2 फाइलमध्ये एक सलग रेघ नि आत तुटक रेघ. गाईड म्हणतात रिंगमध्ये गोल काढ. माझा लिगँड (प्रोटीनमध्ये बसवायचा रेणू) बिघडला का?

उत्तर: नाही हो, रेणू तोच आहे, फाइली वेगळ्या आहेत. पायमोलला केमिस्ट्री येत नाही असंच धरून चाला, फाइलमध्ये असेल ते ते काढतं. पीडीबीक्यूटीत मुख्यतः अणू कुठे आहेत ते आणि त्यांचे प्रकार असतात, रिंगमधल्या कार्बनपुढे शेवटी 'ए' असतो बघा, पण बॉन्ड ऑर्डरचा, म्हणजे बॉन्ड सिंगल की डबल याचा, कॉलमच नाही, मग आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? प्रोटीनमधल्या फिनाइलअ‍ॅलनिनचे डबल बॉन्ड मात्र दिसतात, कारण नेहमीच्या अमिनो अ‍ॅसिडची माहिती पायमोलकडे आधीपासून असते.

एसडीएफच्या बॉन्ड ब्लॉकमध्ये तिसरा आकडा 1 किंवा 2 असतो, पबकेम तिथे केकुलेची, म्हणजे एकाआड एक डबल बॉन्डची, रचना लिहितं. मोल2 मध्ये त्याच जागी 'एआर' (अ‍ॅरोमॅटिक), म्हणून तुटक रेघ. पण या 'एआर'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बरेच प्रोग्रॅम कार्बोक्झिलेटच्या (सीओओ गटाच्या) दोन्ही ऑक्सिजनच्या बॉन्डलाही तेच लावतात आणि मग रिंग नसलेल्या जागी तुटक रेघ बघून पोरं गोंधळतात.

बरोबर कुठलं म्हणाल तर बेंझिनमध्ये सहाही बॉन्ड सारख्याच लांबीचे, 1.39 अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), म्हणजे इथेनच्या 1.54 आणि इथिलीनच्या 1.34 च्या मधले, त्यामुळे एकाआड एक रेघा हा फक्त लिहायचा प्रकार. गोलाची पद्धत 1925 ची, रॉबिन्सन आणि आर्मिट यांची, तिथे एक गोल म्हणजे सहा इलेक्ट्रॉन. म्हणून नॅफ्थलीनमध्ये दोन गोल काढले की बारा होतात, असतात दहाच, आणि त्याचे बॉन्डही सगळे सारखे नसतात. पॅरासिटामॉलला एकच रिंग, तिथे गाईडचं ऐकायला काहीच हरकत नाही. कायमेरा या पायमोलसारख्याच प्रोग्रॅममध्ये अ‍ॅरोमॅटिक कमांडने गोल किंवा चकती येते.

डॉकिंगच्या पोझला (लिगँड बसलेल्या स्थितीला) बॉन्ड परत हवे असतील तर अंतरावरून अंदाज बांधणाऱ्या कन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, तो कधी चुकेल सांगता येत नाही. मूळ एसडीएफ टेम्प्लेट म्हणून द्या आणि आरडीकिट या केमिस्ट्रीच्या सॉफ्टवेअरने बॉन्ड ऑर्डर पोझवर चढवा, हायड्रोजन नंतर घाला. आणि फिगर फक्त प्रोटीनच्या पॉकेटमध्ये लिगँड कसा बसलाय ते दाखवायलाच असेल तर व्हॅलन्स बंद ठेवून साध्या स्टिक्स काढा, तसंही त्या गर्दीत तुटक रेघ कोणाला दिसत नाही.