पोळ्याची वाट पाहू नका

पत्र नागपुरातल्या नंदनवनच्या एका वाचकाचं आहे. वडील चौसष्ट वर्षांचे, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. शेजाऱ्यांनी बापलेकांना व्हॉट्सॲपच्या एका 'साखर घालवा' छापाच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथे नावापुढे 'डॉ.' लावणाऱ्या, कुणीही कधी न पाहिलेल्या एका गृहस्थाने 'इन्सुलिननं शरीर आळशी होतं, बंद करा' असं सांगितलं आणि २,४०० रुपयांत चूर्णाची पाकिटं पाठवली. पैसे मुलाने १९ ऑगस्ट २०२४ रोजी फोनवरून भरले. चूर्ण आलं, इन्सुलिन थांबलं आणि अकराव्या दिवशी, तान्हा पोळ्याला (म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी), बाहेर मारबतीची मिरवणूक निघालेली असताना वडील बेशुद्ध पडले. धंतोलीच्या खाजगी रुग्णालयात सहा दिवस, बिल एक लाख शहाऐंशी हजार. वडील आता बरे आहेत. मुलाचं विचारणं असं, की त्या माणसावर आणि ग्रुपमध्ये घालणाऱ्या शेजाऱ्यावर केस करता येईल का.

अशी पत्रं मला नवीन नाहीत. औषध बदलतं, आजार बदलतो, गोष्ट तीच. त्यामुळे 'अनोळखी माणसाचं ऐकून इन्सुलिन बंद करू नये' हे मी इथे उगाळत बसणार नाही. ज्या शहरात मेडिकल, मेयोसारखी सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे, तिथल्या माणसाला ते वकिलाने सांगायची वेळ यावी हेच खरं तर कठीण आहे.

तुमच्या तीन पानांतली एकच ओळ मी अधोरेखित केली आहे, ती अगदी शेवटची: 'येत्या तान्हा पोळ्याला दोन वर्षं होतात, त्याच्या आत सगळं करून घेऊ.'

साहेब, मुदत तिथीवर चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी, आणि ही वर्षं इंग्रजी तारखेने मोजतात. २०२४ मध्ये तान्हा पोळा ३ सप्टेंबरला होता. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आला, म्हणून पोळा गेलाय सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पोळ्याच्या हिशेबाने आलात तर काही दिवसांनी हुकाल. आणि खरं सांगायचं तर मी ३ सप्टेंबरही धरणार नाही. 'कारण' कधी घडलं? तुम्ही म्हणाल, वडील बेशुद्ध पडले तेव्हा. समोरचा वकील म्हणेल, पैसे घेऊन चुकीचा सल्ला दिला तेव्हा. तुमचं म्हणणं टिकण्याची शक्यता बरी आहे, पण जो वाद टाळता येतो तो अंगावर का घ्यायचा? माझ्या डायरीत तुमची शेवटची तारीख १९ ऑगस्ट २०२६. त्याच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तयार होऊन फाइलमध्ये पडून राहणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

आता पुढचं वाक्य वाचताना मला खरोखर राग आला. तुम्ही लिहिता, 'पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, त्यांच्या उत्तराची वाट पाहत होतो.' पावणेदोन वर्षं! पोलिसांकडे दिलेल्या अर्जाने ग्राहक आयोगाची मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. 'बघतो, करतो' म्हणणाऱ्या समोरच्याच्या गोड बोलण्यानेही नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. पोलिसांच्या भरवशावर बसलो होतो, हे कारण पुरेसं ठरेल असं मी तरी तुम्हाला सांगू शकत नाही. गंमत अशी, की चाचणीची गरज नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं हाच कायदा आयोगालाही सांगतो. तिथे वर्षं जातात आणि कुणी हूं की चूं करत नाही. मुदत काटेकोर असते ती फक्त तक्रारदाराची.

बाकीच्या गोष्टींत मी हात राखून बोलतो.

आडवा येईल तो 'फुकट' हा शब्द. कायद्यातल्या 'सेवे'च्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. समोरचा म्हणेल, मी पैसे चूर्णाचे घेतले, सल्ला तर ग्रुपवर सगळ्यांना मोफत होता. अनोळखी माणसाच्या सल्ल्यातली खरी गोम हीच आहे. गल्लीतल्या दवाखान्यात तीनशे रुपये देताना आपण कुरकुरतो, पण त्या तीनशे रुपयांनीच डॉक्टर कायद्याने आपल्याशी बांधला जातो. फुकटचा सल्ला देणारा, बहुतेक वेळा, कुणाशीच बांधलेला नसतो. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आणि काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत तपासणाऱ्या रुग्णालयातल्या मोफत रुग्णांनाही त्यात धरलं. हा धागा तुमच्या ग्रुपपर्यंत ओढता येईल का? प्रयत्न करू, खात्री देत नाही. त्यापेक्षा तुम्ही सहज जाता जाता लिहिलेला तो मेसेज मला मोलाचा वाटतो: 'कोर्स २,४००, यात तीन महिने डॉक्टरांचं मार्गदर्शन.' म्हणजे सल्ल्याचे पैसे त्याने स्वतःच लावले. हा मेसेज सापडला तर 'फुकट'चा मुद्दा बराचसा संपतो.

आणि तो मेसेज कुठे आहे? जुन्या फोनमध्ये. फोन कुठे आहे? सगळं पुसून भाच्याला दिला. माझ्याकडे पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ना नंबर, ना तारीख, कडा कापलेल्या. काय म्हणावं आता!

थांबा, पण ग्रुपमध्ये बापलेक दोघंही होते, असं तुम्हीच लिहिलंय. मग वडिलांचा फोन? त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. तो त्यांच्याकडेच असेल आणि मेसेज पुसले गेले नसतील तर तुमचा पुरावा दोन वर्षं घरातच पडून आहे. मूळ फोन त्याच्या मालकाने स्वतः हजर केला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या एका निवडणुकीच्या प्रकरणात सांगितलं होतं. ते जुन्या कायद्याखालचं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, म्हणून आपण छापील प्रती आणि प्रमाणपत्र दोन्ही जोडू. आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी न्यायालयाइतका चिकटून बसत नाही, तरी ढिलाई नको.

तो माणूस कोण, हे बँकेचं स्टेटमेंट सांगेल. पैसे ज्या नावावर गेले ते नाव आणि व्यवहाराचा क्रमांक त्यात असतो. पार्सलवरचा पत्ता रद्दीत गेला असेल, पण चूर्णाचं एखादं पाकीट उरलं असेल तर जपून ठेवा, उघडू नका. तो परराज्यात बसलाय याची काळजी करू नका. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, म्हणजे आपल्या नागपुरातच. दाखल करायचं शुल्क नाही, कारण ते भरलेल्या किमतीवर, म्हणजे तुमच्या २,४०० वर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. तक्रार तुमच्या आणि वडिलांच्या, दोघांच्या नावाने करू: पैसे तुमचे, पोट त्यांचं.

तो खरा डॉक्टर आहे का, हे वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत बघून घ्या. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरने नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर, अगदी व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्येही दाखवायचा असतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तो कुठेच नाही. डॉक्टर नसेल तर महाराष्ट्राच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, फसवणुकीचाही. फसवणुकीच्या कलमाला काळाची अडचण बहुधा येणार नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात औषधं व जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने बंद आहे, पण त्यातली शिक्षा लहान, म्हणून मुदतही लहान. तुमच्या वेळची जाहिरात बहुधा हातची गेली. तीच जाहिरात आजही चालू असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नवा अर्ज द्या.

शेजाऱ्यांना सोडा, ते फार तर ग्रुपचे ॲडमिन. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला, संगनमत असल्याशिवाय, गुन्हेगार धरता येत नाही, असं आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. त्या काकांना साक्षीदार करा, जास्त उपयोगी पडतील.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, 'रुग्णाने स्वतःहून इन्सुलिन बंद केले.' ही माहिती कॅज्युअल्टीत डॉक्टरांना कुणी दिली? लाजेपोटी तुम्हीच दिली असणार. याचा फटका भरपाईला किती बसेल ते आत्ता सांगता येत नाही, बसेल एवढं नक्की. रुग्णालयाकडे पूर्ण केस पेपरची लेखी मागणी करा. मागणीपासून बहात्तर तासांत ते द्यायचे असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे. आतल्या एखाद्या नोंदीत 'ऑनलाइन सल्ल्यावरून' असं कुणी लिहून ठेवलं असेल तर आपलं नशीब.

तुम्ही विचारलंत, 'आता तरी तो ग्रुप सोडू का?' नाही. तुम्हीही नाही, वडीलही नाहीत. तिथे एक शब्दही लिहू नका. वडिलांचा नंबर दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपला जोडू नका, फोन दुरुस्तीला देऊ नका, भाच्याला तर मुळीच नाही. ग्रुप म्यूट करा आणि तो फोन व चार्जर घेऊन याच आठवड्यात या.