गटात बसणं आणि गटात वाचणं

प्रिय मित्रा,

चौथीचे गट पाडलेस, पण प्रत्येक गटात एकच पोर वाचतं आणि बाकीचे माना डोलावतात, असं लिहिलं आहेस. तसंच होणार. चौघांत एकच पाठ, एकच काम दिलं की हुशार मूल ते उरकून टाकतं.

आधी एक गंमत कर. फळ्यावर लिही, 'गबूने टोपरीत भिंगूळ ओसवले.' मग विचार, गबूने भिंगूळ कशात ओसवले? 'टोपरीत!' अख्खा वर्ग ओरडेल. अर्थ शून्य, उत्तर बरोबर. आपले स्वाध्यायातले बरेच प्रश्न याच जातीचे. म्हणून प्रश्न गटालाच काढू दे. अट एवढीच, की पाठातल्या एका वाक्यावर बोट ठेवून उत्तर दाखवता आलं तर प्रश्न बाद. सुरुवातीला बाद प्रश्नांचाच ढीग पडेल. पडू दे.

गोष्ट असेल तर चार कामं वाटून दे. एकाने पुढे काय होईल ते सांगायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचा, तिसऱ्याने अडलेला शब्द पकडायचा, चौथ्याने परिच्छेद आपल्या शब्दांत सांगायचा. परिच्छेद बदलला की कामं फिरवायची. अमेरिकेतल्या दोन संशोधिकांनी १९८४ मध्ये या पद्धतीवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगातली मुलं सातवीतली, वाचायची नीट पण अर्थ लागायचा नाही अशी. मात्र आधी ही चारही कामं तू स्वतः मोठ्याने करून दाखवायचीस. नेमकं हेच सगळे गाळतात.

परिसर अभ्यासाला मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सनची जिगसॉ पद्धत घे. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि वैर माजलं. तेव्हा अ‍ॅरन्सननी पाठाचे तुकडे करून गटात प्रत्येकाला एकेकच दिला. आता दुसऱ्याचं ऐकल्यावाचून गत्यंतरच नाही! वेगवेगळ्या गटांतली, सारखा तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसतात, त्यामुळे अडखळत वाचणारंही आपल्या गटात तयारीने परततं. गोष्टीचे मात्र असे तुकडे करू नकोस. शेवट आधीच एकाच्या हाती लागला, तर बाकीच्यांनी अंदाज कशाचा बांधायचा?

तास संपताना चिठ्ठी काढून कुणालाही उठव. त्याचं उत्तर तेच गटाचं उत्तर. मग बघ, हुशार पोरं शेजाऱ्याला समजावायला कशी धडपडतात ते.

गलका होईलच. केंद्रप्रमुख आले तर त्यांनाही एका गटात बसव आणि अडलेला शब्द पकडायचं काम दे.