महाबळेश्वर-पाचगणीतील घर-जमीन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी सरली की पसरणीच्या घाटात पर्यटकांबरोबर जमीन पाहायला निघालेल्यांच्या गाड्याही वाढतात आणि त्याच सुमारास या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी काही खरेदीदारांची, काही डोंगरावरच राहणाऱ्यांची आणि एक थेट स्वित्झर्लंडच्या बर्फाशी संबंध असलेले आहे. वैयक्तिक तपशील वगळून त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: मिरजेत आमचा दवाखाना आहे. पाचगणीजवळच्या एका गावात सामाईक सातबाऱ्यातील अकरा गुंठे जिरायत जमीन एजंट देऊ करत आहे. "नोटरी करून ताबा घ्या, बांधकामासाठी ग्रामपंचायतीचा दाखला मी आणून देतो," असे तो म्हणतो. व्यवहार करावा का?

सांगितला त्या पद्धतीने मुळीच करू नये. नोटरीसमोर केलेल्या कागदाने स्थावर मिळकतीची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले खरेदीखत लागते आणि त्यावरूनच फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढते. एजंट नोटरीचा मार्ग सुचवतो, तेव्हा नोंदणीत काय आडवे येणार आहे हे त्याला बहुधा पक्के ठाऊक असते.

आपल्या बाबतीत आडवे येणारे कायदे दोन आहेत. कुळकायद्याच्या, म्हणजे 1948 च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तसा व्यवहार झाल्यास कलम 84-क खाली तहसीलदार तो अवैध ठरवू शकतात आणि प्रकरण जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जाऊ शकते. आपण डॉक्टर आहात म्हणून शेतकरी नाही, असे मात्र नाही. तासगाव, विटा किंवा अन्य कोठे वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव असेल, तर तो उतारा आणि आठ-अ जोडून हा अडसर दूर होतो. पाचगणी नगरपालिकेच्या हद्दीत आणि आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीचे नियमही वेगळे आहेत. आपली जमीन तशी दिसत नाही. दुसरा कायदा तुकडेबंदीचा. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते किमान क्षेत्र, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. अलीकडे शहरी व निवासी विभागांपुरत्या सवलती आल्या असल्या, तरी शेती विभागातील अकरा गुंठे जिरायतीला त्यांचा आधार नाही. शिवाय सातबारा सामाईक आहे, म्हणजे सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या, पोटहिश्शाची मोजणी आणि भूमी अभिलेखाचा नकाशा होईपर्यंत आपले अकरा गुंठे नेमके कोठे आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही.

हे सर्व सुरळीत झाले तरी घर बांधता येईल असे नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने 17 जानेवारी 2001 रोजी पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. तेथे जमिनीचा वापर प्रादेशिक आराखड्यातील विभागानुसारच करता येतो. हरित विभाग, वनालगतची जमीन, तीव्र उतार आणि झाडतोड यांवर कडक बंधने आहेत. भूजलही जागेच्या वहिवाटदाराच्या खऱ्याखुऱ्या घरगुती आणि शेतीच्या गरजेपुरतेच उपसता येते, त्यामुळे "बोअर मारून शेजारच्या हॉटेलला टँकर देऊ, खर्च निघेल," हा एजंटांचा आवडता हिशेबही बाद होतो. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकाम पाडण्याची कारवाई या डोंगरावर अधूनमधून होत असते आणि त्या वेळी एजंटाचा फोन लागत नाही, हा माझ्या अशिलांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

क्रम असा ठेवावा: आधी विभाग दाखला, मग सातबाऱ्याचे इतर हक्क सदर आणि जुने फेरफार, मग मोजणी, आणि विसार देण्याचा विचार त्यानंतरच.

प्रश्न: मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत लिपिक आहे. पाच वर्षे येथे भाड्याने राहिलो. आता मालकांनी घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायचे ठरवले. दुसरे घर मिळत नाही, म्हणून वाईहून रोज घाट चढून येतो. आजूबाजूचे निम्मे बंगले बंद आहेत. यावर काही कायदा नाही का?

आपल्याकडे यासाठी थेट कायदा नाही. परंतु हे दुखणे एकट्या पाचगणीचे नाही. हिवाळ्यात स्कीइंगसाठी गजबजणाऱ्या परदेशी डोंगरगावांनी ते आपल्या कितीतरी आधी सोसले आहे आणि त्यांचे उपाय पाहण्यासारखे आहेत. कॅनडातील व्हिसलर या गावाने 1997 मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन केले आणि तेथे काम करणाऱ्यांपैकी किमान 75 टक्के लोक गावातच राहावेत, असे उद्दिष्ट ठेवले. ती घरे फक्त स्थानिक नोकरदारांना मिळतात, आणि तरीही प्रतीक्षायादी संपत नाही. अमेरिकेतील व्हेल या गावाची पालिका 2017 पासून घरमालकांना पैसे देऊन, या घरात त्या परगण्यात काम करणारी व्यक्तीच राहील, अशी अट दस्तातच कायमची नोंदवून घेते. स्वित्झर्लंडने तर 11 मार्च 2012 रोजी सार्वमत घेऊन, ज्या गावात सुट्टीतील घरांचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले आहे तेथे तशी नवी घरे बांधण्यास अटकाव केला. त्याचा तपशीलवार कायदा 1 जानेवारी 2016 पासून लागू आहे.

यांतील व्हेलचा मार्ग मला आपल्याकडे सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात मालकावर सक्ती नाही आणि पालिकेला जमीनही विकत घ्यावी लागत नाही. पण त्याला पैसा लागतो. तो दिवसभाड्याने चालणाऱ्या घरांकडून यायला हवा. जे घर प्रत्यक्षात लॉजसारखे चालते, त्याला घरगुती दराने घरपट्टी आणि पाणीपट्टी का लागावी, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत नागरिकांनी लेखी विचारावा. सामाजिक हिशेब याहून मोठा आहे. बंद बंगल्याकडून गावाला घरपट्टी मिळते, परंतु मराठी शाळेच्या पटाला मूल, पतसंस्थेला सभासद आणि यात्रेत पालखीला खांदा मिळत नाही.

आपल्यापुरता लगेच करता येण्याजोगा उपाय बंद बंगल्यांच्या मालकांशी बोलण्याचा आहे. अनेक मालक घर रिकामे ठेवतात ते "भाडेकरू निघणार नाही" या जुन्या भीतीपोटी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार मुदत संपल्यावरही न सोडल्यास कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागून ताबा मिळतो, वर दुप्पट दराने भरपाईही मागता येते. आपल्या शाळेनेच करारात पक्षकार होऊन कर्मचाऱ्यांसाठी चार-पाच घरे एकत्र घेतली, तर मालकाला व्यक्तीपेक्षा संस्थेचा भरवसा वाटेल. पाचगणी ज्या शाळांच्या जिवावर उभी राहिली, त्यांनी कर्मचाऱ्यांच्या निवाऱ्याकडे पाहावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

प्रश्न: आम्ही सांगलीचे. मुलगा स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटच्या एका हॉटेलात शेफ आहे. तेथे बर्फातला छोटा फ्लॅट आमच्या नावावर घ्यावा असे त्याच्या मनात आहे. न जमल्यास मनाली किंवा औली येथे घेऊ.

स्वित्झर्लंडमध्ये परदेशस्थ व्यक्तीने घर घेण्यावर 1983 चा कायदा आहे, जो तेथे 'लेक्स कोलर' या नावाने ओळखला जातो. सुट्टीतील घरासाठी संबंधित कँटनची, म्हणजे प्रांताची परवानगी लागते आणि अशा परवान्यांचा देशभरासाठी वार्षिक कोटा असतो. वर सांगितलेली 20 टक्क्यांची मर्यादा त्याशिवाय. मुलगा तेथे वास्तव्याच्या परवान्यावर राहत असल्यास स्वतः राहण्यासाठी घर घेणे त्याला तुलनेने सोपे आहे. ते त्याच्याच नावावर असू द्यावे. आपण त्याला पैसे पाठवणार असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. मोठ्या रकमेवर बँक कर कापून घेते, तो विवरणपत्रात जमा धरता येतो.

मनाली हिमाचल प्रदेशात आहे आणि तेथील 1972 च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचे कलम 118 आपल्या कलम 63 पेक्षाही कडक आहे. तासगावचा सातबारा दाखवून तेथे शेतकरी ठरता येत नाही, राज्य सरकारची परवानगीच लागते. औली ज्या राज्यात आहे त्या उत्तराखंडाने 2025 मध्ये बाहेरच्यांच्या खरेदीवरील बंधने आणखी आवळली. औलीबाबत मात्र कायद्याआधी जमिनीकडे पाहावे. औलीच्या पायथ्याशी असलेल्या जोशीमठात जानेवारी 2023 मध्ये जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले. अशा ठिकाणी चार दिवस भाड्याने राहून बर्फ पाहून यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची चार एकर जमीन आहे. आजोबांना ती कुळकायद्याने मिळाली, आता वडिलांच्या नावावर आहे. मला दोन विवाहित बहिणी आहेत. नवीन महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थानाच्या चर्चेमुळे रोज कोणीतरी विचारायला येते. विकावी की थांबावे?

विकण्याचा निर्णय घेण्याआधी, आपण विकू शकता का, हे पाहावे. कुळाने खरेदी केलेल्या जमिनीवर कलम 43 चे बंधन असते. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. ही रक्कम किरकोळ असते, परंतु घेणारा शेतकरीच असावा लागतो. आजोबांचे 32-म प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला, घरात सापडत नसेल, तर तहसील कार्यालयातून नक्कल काढावी.

बहिणींचा विषय टाळू नये. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्माने समान हक्क 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. जमीन वडिलोपार्जित ठरते की आजोबांकडून वारसाने वडिलांची एकट्याची झाली, हे जुन्या फेरफारांवरून आणि आजोबांच्या मृत्यूच्या तारखेवरून ठरेल. तथापि कोणत्याही परिस्थितीत बहिणींना विचारूनच पाऊल टाकणे शहाणपणाचे. "हक्कसोडपत्र उरकून टाका" असे खरेदीदार सुचवेल. ते घाईने करून घेतलेले कागद वीस वर्षांनी दिवाणी न्यायालयात उलगडतात आणि तोवर राखीपौर्णिमा बंद झालेली असते.

आता जमिनीच्या भावाविषयी. नवीन महाबळेश्वरसाठी राज्य रस्ते विकास महामंडळ सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावांचे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. अशा नियोजनात जमिनीचे मोल गावाच्या नावावरून ठरत नाही, तर आपला गट कोणत्या विभागात येतो आणि त्यावर रस्ता किंवा आरक्षण पडते का, यावरून ठरते. एकाच बांधावरच्या दोन गटांची किंमत त्यामुळे कित्येक पटींनी वेगळी होऊ शकते. आराखडा पाहून, हरकत असल्यास मुदतीत लेखी नोंदवून मगच बोलणी करावीत. कास पठारासह पश्चिम घाटातील निवडक स्थळे 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आली, कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प शेजारी आहेत; या डोंगरात सगळीकडे हॉटेले उभी राहतील, असे समजून भाव सांगणारा आणि देणारा दोघेही फसतात.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर एकाच खरेदीदाराने गावेच्या गावे गोळा करण्याचे प्रकार झाले आहेत. महाबळेश्वर तालुक्यात कांदाटी खोऱ्यातील झाडाणीचे प्रकरण 2024 मध्ये गाजले, तेव्हा चौकशीत 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा पुढे आला, ज्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबाला 54 एकर आहे. खरेदीदार त्या मर्यादेबाहेर गेला, तर चौकशीच्या फेऱ्यात विकणाऱ्याचेही कागद येतात. मुखत्यारपत्रावर सही करू नये, मग रक्कम कितीही सांगितली जावो.

माझा सल्ला विचाराल तर चारही एकर विकू नयेत. वडील-बहिणींच्या संमतीने गरजेपुरता भाग, तोही प्रमाणभूत क्षेत्राखाली न जाता, नोंदणीकृत खरेदीखताने विकावा. उरलेल्या जमिनीवर राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून दोन-चार खोल्या काढण्याचा विचार करावा. रक्कम एकरकमी येणार नाही, पण आपल्याच शेतावर आपण रखवालदार म्हणून नोकरीला लागण्याची वेळ येणार नाही. ती वेळ आलेली माणसे या तालुक्यात आहेत.

प्रश्न: पाचगणीतील आमच्या सोसायटीत निम्मे सदस्य पुण्या-मुंबईचे आहेत. त्यांचे फ्लॅट दर आठवड्याला नव्या पाहुण्यांना दिले जातात. पाणी संपते, रात्री स्पीकर वाजतो. आम्ही त्यांच्यावर वाटेल तेवढा आकार बसवू शकतो का?

वाटेल तेवढा नाही. भोगवटेतर आकार, म्हणजे सदस्य स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. परंतु महिन्याच्या भाडेकरूला फ्लॅट देणे आणि रोज नवा पाहुणा उतरवून लॉज चालवणे यांत फरक आहे. दुसरा प्रकार निवासी वापरात बसत नाही, असा आक्षेप सर्वसाधारण सभेत ठरावाने नोंदवावा, सदस्याला नोटीस द्यावी आणि नगरपालिकेलाही कळवावे. वाद मिटला नाही तर सहकार न्यायालय आहे. पाण्यासाठी प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा. निम्मी भांडणे तेथेच संपतील. पाहुणा परदेशी असल्यास त्याची सरकारकडे नोंद 24 तासांत करणे मालकावर बंधनकारक आहे, याचीही आठवण द्यावी.

प्रश्न: महाबळेश्वर बाजारपेठेपासून जवळ एक जुना ब्रिटिशकालीन बंगला विक्रीला आहे. किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे. काय पाहावे?

मिळकत पत्रिकेवर धारणाधिकार कोणता आहे ते पाहावे. 1829 मध्ये सातारच्या छत्रपतींकडून हे ठिकाण इंग्रजांकडे गेल्यावर येथे वसवलेल्या माल्कम पेठेतील कित्येक बंगले आजही सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. अशा वेळी आपण विकत घेता ते बांधकाम आणि पट्ट्याची उरलेली मुदत. हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आधीच्या धारकाने ती न घेता हात बदलले असतील तर शर्तभंगाचा दंड आपल्या अंगावर येतो, आणि पट्टा संपलेला असेल तर कमी किमतीचे कारण तेच असते. मूळ पट्ट्याची प्रत, नूतनीकरणाचे आदेश आणि वाणिज्य वापर झाला होता का, एवढे तपासून घ्यावे. बंगला जुलैत एकदा पाहावा, कारण वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात छपराची आणि जांभ्याच्या भिंतींची खरी अवस्था जानेवारीत कळत नाही. त्यासाठी विक्रेता थांबायला तयार नसेल, तर व्यवहार सोडून द्यावा.