कमी खर्चात वेटलिफ्टिंगचा बार घ्यायचा असेल, तर नेमके काय तपासावे?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: रत्नागिरीत तळमजल्यावर 10 बाय 10 फुटांची खोली आहे, बार आणि प्लेट्स मिळून पंधरा हजारांच्या आसपास खर्च करायची तयारी आहे, स्नॅच (बार जमिनीवरून एकाच झटक्यात डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (आधी क्लीन, म्हणजे खांद्यांपर्यंत, मग जर्क, म्हणजे डोक्यावर) शिकायचे आहे आणि सरावाला धाकटी बहीणही असणार आहे. दुकानदाराने सात फुटी साधा रॉड दाखवून ‘हा पाचशे किलो पेलतो’ असे सांगितले आहे. बेंच प्रेस किंवा बायसेप्स एवढाच व्यायाम करायचा असता, तर तो रॉड वाईट नव्हता. तुम्हाला जे शिकायचे आहे, त्यासाठी मात्र तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बार निवडण्याआधी प्लेटच्या भोकाचा निर्णय घ्यावा लागतो, कारण हा निर्णय नंतर बदलणे सर्वांत महाग पडते. आपल्या बाजारात साध्या रॉडच्या प्लेट्सची भोके 25 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असतात आणि ऑलिम्पिक प्रकारच्या बारच्या प्लेट्सची 50 मिलिमीटरहून किंचित मोठी असतात. प्लेट्स किलोवर विकल्या जातात आणि वजने वाढत जातील तशी त्यांची खरेदी वर्षानुवर्षे चालू राहते. त्यामुळे आज लहान भोकाच्या प्लेट्स घेतल्या, तर पुढे चांगला बार घेताना सगळा साठा मोडीच्या भावाने काढावा लागतो. सुरुवातीला प्लेट्स कमी घ्या, पण त्या 50 मिलिमीटरच्याच घ्या.

दुसरे म्हणजे स्लीव्ह, म्हणजे प्लेट्स ज्यावर चढवतो तो दोन्ही टोकांचा जाड भाग, दांड्याभोवती मोकळेपणाने फिरला पाहिजे. क्लीन करताना बार छातीपर्यंत येतो आणि कोपरे झटक्यात खालून पुढे वळतात. त्या क्षणी दांडा हातांबरोबर फिरतो, पण प्लेट्सना फिरायची घाई नसते. साध्या रॉडवर लॉक घट्ट आवळलेले असले, की प्लेट्सची ती सगळी जडता मनगटांवर आणि कोपरांवर येते. स्लीव्हच्या आत बेअरिंग आहे की बुश (धातूची गुळगुळीत नळी), यावर दुकानात बरीच चर्चा होते. स्वस्तातल्या बेअरिंगपेक्षा पितळी किंवा ब्राँझचे बुश मला केव्हाही चालेल. ते थोडे कमी फिरते, पण घरगुती सरावाला पुरेसे असते आणि धूळ-ओलाव्यात सहसा अडकून बसत नाही.

आता ‘पाचशे किलो पेलतो’ या दाव्याविषयी. हा आकडा कसा काढला हे बहुधा कोणीच सांगत नाही, म्हणून तो विचारात घेऊ नये. पोलादाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: समान जाडीचे दोन दांडे, एक साध्या माइल्ड स्टीलचा आणि एक उत्तम मिश्र पोलादाचा, तेवढ्याच वजनाखाली जवळजवळ सारखेच वाकतात. फरक वजन उतरवल्यावर दिसतो. चांगला दांडा पूर्ववत सरळ होतो. मऊ पोलादाचा दांडा एका मर्यादेपलीकडे वाकला, की तसाच राहतो. म्हणून दुकानदाराला ‘किती किलो पेलतो’ हे न विचारता ‘टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटण्याआधी पोलाद सहन करते तो कमाल ताण) किती’ हे विचारावे. चांगल्या बारसाठी हा आकडा साधारण 1,90,000 पीएसआय, म्हणजे सुमारे 1,300 मेगापास्कल किंवा त्याहून अधिक असतो. बांधकामात वापरल्या जाणाऱ्या साध्या पोलादासाठी तो 410 मेगापास्कलच्या आसपास असतो. परवडणाऱ्या बारमध्ये यांच्यामधला काही आकडा मिळाला तरी हरकत नाही, पण तो बिलावर किंवा माहितीपत्रकावर छापलेला हवा. विक्रेत्याला हा प्रश्नच कळला नाही, तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

जाडीचाही मोठा प्रभाव पडतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 28 मिलिमीटरचा दांडा 25 मिलिमीटरच्या दांड्यापेक्षा दीडपटीहून अधिक ताठ असतो. तरीही जाड तोच चांगला असा अर्थ काढू नये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये पुरुषांचा बार 20 किलोचा, 2.2 मीटर लांब आणि 28 मिलिमीटर जाड असतो. महिलांचा 15 किलोचा, 2.01 मीटर लांब आणि 25 मिलिमीटर जाड असतो. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू यांनी क्लीन अँड जर्कमध्ये 115 किलो उचलले, ते याच 25 मिलिमीटरच्या प्रकारच्या बारवर. पोलाद चांगले असेल, तर तेवढी जाडी पुरते. उलट, 30 मिलिमीटरचा जाडजूड दांडा हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरलेली पकड) शिकणाऱ्याला, विशेषतः लहान पंजाच्या व्यक्तीला, फार त्रास देतो.

दोन्ही बारच्या स्लीव्हचा व्यास 50 मिलिमीटरच असतो. म्हणून तुमच्या परिस्थितीत मी पहिला बार 15 किलोचा घ्यायला सांगेन. तो तुम्हा दोघांनाही चालेल, तंत्र शिकताना सुरुवातीचे वजन कमी राहील आणि पुढे 20 किलोचा बार घेतलात, तरी प्लेट्स त्याच वापरता येतील. खोलीचाही हिशेब बघा: 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. त्यात 2.2 मीटरचा बार ठेवल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम 42 सेंटिमीटर उरतात आणि प्लेट चढवताना पाठ भिंतीला लागते, 2.01 मीटरच्या बारला ही जागा 52 सेंटिमीटर होते. जाता जाता, छताच्या पंख्याकडेही बघून घ्या. स्नॅचमध्ये हात वर ताणलेले असतात आणि पूर्ण आकाराच्या 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटचा निम्मा भाग बारच्याही वर असतो. पंखा मधोमध नसला तरी त्याची पाती कुठवर येतात ते मोजलेले बरे.

दुकानात जाताना टेप, जमल्यास व्हर्निअर कॅलिपर आणि घरचा वजनकाटा बरोबर न्या. आधी एकटे काट्यावर उभे राहा, मग बार हातात घेऊन. फरक 15 किलोऐवजी 12 आला, तर विषय तिथेच संपला. मग बार रॅकवर किंवा बेंचच्या दोन खुंट्यांवर ठेवून दांडा बोटांनी हळू फिरवा आणि डोळा स्लीव्हच्या टोकावर ठेवा. दांडा सरळ असेल, तर टोक एका जागी स्थिर दिसते. वाकलेला असेल, तर ते वरखाली होत लहानसे वर्तुळ काढते. स्लीव्ह हाताने धरून आतबाहेर हलवून पाहा: किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. शेवटी टोकाकडून पाहा, स्लीव्ह स्नॅप रिंगने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीने) धरली आहे की एका बोल्टने. मी बोल्टचे बार टाळतो, कारण बार खाली सोडण्याच्या हादऱ्यांनी तो बोल्ट सैल होत जातो आणि रोज कोणी पाना घेऊन बसत नाही.

ग्रिपचे दाते, म्हणजे दांड्यावरची खडबडीत नक्षी, तळव्याला जाणवावेत, पण त्यांनी कातडी सोलू नये. स्वस्त बारवर बहुतेक वेळा उलटे घडते: दाते उथळ असतात आणि वरच्या चकचकीत क्रोमच्या जाड थराने तेही बुजतात. रत्नागिरीच्या हवेत हा क्रोम आणखी एका कारणाने नडतो. कुठे एक टवका उडाला, की खारट दमट हवा आत शिरते आणि पावसाळ्यात थराखालून गंज पसरत जातो. या चकचकीत क्रोमऐवजी टिकाऊ हार्ड क्रोमचा थर परवडला तर उत्तम, नाहीतर झिंकचा थर घ्या. ब्लॅक ऑक्साइडचा काळा थर हाताला छान लागतो, पण किनारपट्टीवर त्याला सतत तेल लागते. कोणताही बार घेतलात, तरी सरावानंतर कोरड्या फडक्याने घाम पुसा आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नायलॉनच्या ब्रशने दाते साफ करून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा.

पैशांची विभागणी करताना निम्म्याहून अधिक रक्कम बारसाठी ठेवा. प्लेट्स जुन्या घेतल्या तरी बिघडत नाही, कारण लोखंडाला वय नसते. फक्त प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून पाहा आणि दोन्ही बाजूंना सारख्या भरणाऱ्या जोड्या निवडा. बंद पडलेल्या जिममधला बार स्वस्त मिळत असेल, तर वरच्या सगळ्या चाचण्या त्यालाही लावा, कारण रॅकच्या पिनांवर वरून आपटलेला बार आधीच वाकलेला असण्याची शक्यता मोठी असते. लोखंडी प्लेट्स असतील, तर बार वरून सोडू नका, हातांनी खाली आणा; रबरी प्लेट्सप्रमाणे तो हादरा रबर खात नाही, थेट स्लीव्ह आणि फरशी खातात. शिवाय लहान प्लेट्सवर बार जमिनीच्या फार जवळ येतो. तो पूर्ण प्लेटच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर राहील, असे लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या आणि प्रत्येक वेळी त्यांवरूनच उचलायला सुरुवात करा.