इटलीत गाडी भाड्याने घेण्यासाठी भारतीय वाहन परवाना पुरेसा आहे का?

नाही. परवाना इंग्रजीत असला तरी इटलीत त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्याच आरटीओकडून हजार रुपये शुल्क भरून मिळतो, जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना जवळ नसेल तर निरुपयोगी ठरतो. मात्र गाडी पत्नी चालवणार असून आरक्षण आपल्या कार्डावरून केले आहे, असेही आपण लिहिले आहे. ते वाचूनच मी उत्तर लिहायला बसले.

आमच्या घरी गाडी मी चालवते. पतींनी परवानाच काढलेला नाही. टस्कनीतील आठ दिवसांसाठी गाडी माझ्या नावाने ठरवून भाडेही आगाऊ भरले होते. पिसा विमानतळावर काउंटरवरील तरुणाने माझा पासपोर्ट, परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका ओळीने मांडली, शेजारी आमचे क्रेडिट कार्ड ठेवले आणि त्यावरील नावावर बोट टेकवले. नाव पतींचे होते. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डावर रोखून ठेवावी लागते, असे त्याने सांगितले. मी पासपोर्टचे शेवटचे पान उघडून त्यावर छापलेले पतींचे नाव दाखवले. त्याने ते शांतपणे वाचले, पासपोर्ट मिटला आणि परत दिला. माझे डेबिट कार्डही त्याने घेतले नाही. भाडे बुडाले, एम्पोलीला रेल्वे बदलून आम्ही सिएनाला गेलो, आणि टस्कनीतीलच वाल दोर्चा खोऱ्यातील ज्या रस्त्यांसाठी हा सगळा खटाटोप केला होता ते रस्ते पाहायचे राहिले.

त्या तरुणाचे काही चुकले नाही. अट करारात लिहिलेली होती. चूक त्याआधी बारा वर्षांची होती. मुलीच्या जन्मानंतर मी नोकरी सोडली, तेव्हा ‘एका घरात दोन क्रेडिट कार्डे कशाला?’ असे म्हणून माझे कार्ड बंद करण्यात आले. मी विरोध केला, तर तो माझा उधळेपणा ठरला. मिळकत नसलेल्या बाईच्या नावाने पत असण्याची गरजच काय, हा त्यामागचा विचार मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. पत्नीच्या नावाने स्वतंत्र कार्ड काढा. मिळकतीचा पुरावा नसला तरी अनेक बँका मुदत ठेवीवर ते देतात. आपल्या खात्यावरचे पुरवणी कार्ड त्यांच्या नावाचे असले तर बहुधा चालेल, पण त्याची मर्यादा आणि मालकी आपलीच राहते, म्हणून मी ते सुचवणार नाही. नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार बंद असतात. निघण्यापूर्वी ते सुरू करून घ्या.

काही कंपन्या जादा विमा घेतल्यास डेबिट कार्ड स्वीकारतात, तेव्हा आपल्या कंपनीच्या अटी वाचाव्यात. शिवाय फ्लॉरेन्स, सिएना यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ (म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र) लिहिलेल्या पाटीपुढे त्या भागाची परवानगी नसताना गाडी नेऊ नये; कॅमेरा क्रमांक टिपतो, दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि पोलिसांना चालकाची माहिती कळवल्याचे शुल्क कंपनी त्याच कार्डावरून वेगळे कापून घेते.