खोलीत आले, पण कशासाठी?

“खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. समोरचा बोलत असतो, मी मान डोलावते आणि दुसऱ्या मिनिटाला कोरी. माझंही आईसारखंच होणार का?”

ही भीती घेऊन माझ्याकडे तिशीतली माणसंही येतात. या बाई ४७ वर्षांच्या, हिशेबाचं काम करणाऱ्या (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांच्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, त्यामुळे चष्मा सापडला नाही तरी यांच्या छातीत धस्स व्हायचं. सोबत एक छोटी वही होती. दोन महिन्यांत काय काय विसरलं याची तारीखवार यादी. मी ती सावकाश वाचली. कुठल्या वेळी, कोणासमोर, कोण काय म्हणालं, सगळं त्यांनी रात्री बसून आठवून लिहिलं होतं!

तरीही आधी डॉक्टरांकडे पाठवलं. अपुरी झोप, थायरॉइड, बी-१२ची कमतरता यांनीही विसरायला होतं. तेच तेच पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचे व्यवहार न जमणं, असं काही घरच्यांच्या लक्षात येत असेल तर तपासणी टाळूच नये. यांच्या बाबतीत तसं नव्हतं. तपासण्याही ठीक आल्या.

पुढच्या भेटीत मी कागदाच्या चार कोपऱ्यांत चार रंगीत पेन्सिली ठेवल्या, क्षणभर दाखवल्या आणि वर फाइल झाकली. झाकल्यावर दोन सेकंदांनी म्हटलं, “फक्त वरचा उजवा कोपरा मनात आणा.” थोडं थांबून रंग विचारला. “जांभळा.” बरोबर. मग रंग बदलून पुन्हा झाकलं. या वेळी मधेच विचारलं, “आज येताना काही विसरलात का हो?” त्यांचा चेहरा उतरला. नंतर रंग विचारला तर एकही सांगता येईना. तो प्रश्न मी मुद्दाम विचारला होता, आणि हे त्यांना लगेच सांगितलं. घाबरलेल्या माणसाला अंधारात ठेवून काही शिकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

पेन्सिलींची कल्पना माझ्या पदरची नाही. २००३ मध्ये ग्रिफिन आणि नोब्रे या संशोधकांनी लोकांना चार रंगीत फुल्या दाखवल्या. फुल्या दिसेनाशा झाल्यावर, नुसती कुठल्या जागेकडे लक्ष द्यायचं याची खूण केली, तरी त्या जागेचा रंग लोक जास्त अचूक आणि लवकर ओळखत होते. मला यातलं ‘दिसेनाशा झाल्यावर’ फार महत्त्वाचं वाटतं. वस्तू डोळ्यांसमोर नसली तरी मनातल्या तिच्या ठशाकडे वळता येतं, आणि वळलं की तो टिकतो. या घडीपुरतं धरून ठेवण्याची मनातली जागा, म्हणजे कार्यकारी स्मृती, मुळात लहान. एका वेळी साधारण तीन-चार गोष्टी मावतात. त्यात ‘मी विसरतेय का, मी विसरतेय का’ हा घोष चालू असेल तर ‘कात्री आणायची आहे’ याला जागा कुठून उरणार? बाई विसरत होत्या हे खरंच. पण बऱ्याचदा गोष्ट धरायच्या आधीच लक्ष भीतीकडे गेलेलं असायचं.

मी त्यांना एकच सवय दिली. जागेवरून उठताना दोन सेकंद थांबायचं आणि जे आणायचं ते मनात बघायचं, कात्री तर कात्रीची मूठ. वाटेत कोणी हाक मारली तर ओ द्यायची, पण बोलणं संपल्यावर पाऊल टाकण्याआधी पुन्हा त्या मुठीकडे वळायचं. आणि तरी विसरलंच तर ‘मला काय होतंय’ असं न विचारता ‘उठले तेव्हा हातात काय काम होतं’ असं विचारायचं. पहिला प्रश्न भीतीकडे नेतो, दुसरा कामाकडे.

पहिला आठवडा काही जमलं नाही. “थांबायचंच विसरते,” म्हणाल्या आणि रडल्या. मग आम्ही खुर्चीच्या हातावर बोट टेकवणं ही खूण ठरवली. बोट टेकलं की थांबायचं.

पाचव्या भेटीला वही आणली होती, पण त्या आठवड्यात एकच नोंद होती: ‘शेजारीण काय म्हणाली ते निसटलं. पुन्हा विचारलं. तिने सांगितलं.’