शाळेतली खिचडी बंद करू का?

"मॅडम, शाळेतला भात बंद केला तर चालेल का? त्यानंच हा सुटत चाललाय." जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलाला घेऊन आई आली होती, सोबत आजी. "काही नाही हो, खात्यापित्या घरचं पोर आहे," आजी म्हणाल्या. दोघींच्या मध्ये बसलेला मुलगा शर्ट सारखा पोटावरून खाली ओढत होता.

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं. उंचीच्या मानानं वजन जास्त, बाकी आजार नाही. आई म्हणते ते अनेक पालक म्हणतात, पण खिचडीवर हा आळ नको. पहिली ते पाचवीच्या पोषण आहारात माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. म्हणजे ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. वाढत्या मुलाचं एक साधं जेवण.

दोघींना बाहेर बसवून मी त्याला कालचा दिवस सांगायला लावला. भरभर बोलत होता, जेवणाच्या सुट्टीपाशी अडला. "मी थोडंच घेतो."

"का रे?"

"पोरं म्हणतात, ढोल्याला टोपच द्या."

सुट्टीत दोन घास, म्हणून शाळा सुटताना सपाटून भूक. मग टपरीवरची दोन पाकिटं. रिकामी पाकिटं घडी घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात लपवलेली. ती त्यानंच मला काढून दाखवली. ३० ग्रॅम वेफर्समध्ये दीडशेच्या वर कॅलरी असतात आणि प्रथिनं नावालाच. घरी पोचला की आजी "लेकरू उपाशी असेल" म्हणून पुन्हा भरलं ताट वाढणार. त्यानंतर आई कामावरून येईपर्यंत मोबाइल, झोप साडेअकराला.

आईला सांगितलं, "ताई, आहार बंद केलात तर डाळ-भाजीचं वेळेवरचं जेवण जाईल आणि पाकिटं राहतील. आणि घरात 'जाड्या' कोण म्हणतं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा लाडानं तेच म्हणायचा. वजनावरून चिडवलेल्या मुलांचं वजन पुढे आणखी वाढतं, असं अभ्यासांत दिसलंय. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांमध्ये मला ते दिसतंच.

वर्गशिक्षिकांशी मी बोलले. त्या आता मुलांबरोबर पंगतीत बसतात. आजींकडे संध्याकाळ दिली: चार वाजता एक भाकरी नि भाजी, मग देवळाच्या पटांगणात तासभर खेळ. या वयात रोज किमान ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ आणि नऊ तास झोप हवीच. वजन उतरवायच्या मागे लागायचं नव्हतं. ते थांबलं आणि उंची वाढत राहिली तरी पुरे होतं.

तीन महिन्यांनी वजन तेवढंच, उंची दीड सेंटिमीटरनं जास्त. खोखोत सूर मारून गडी कसा टिपला ते तो हातवारे करून सांगत होता, शर्ट कुठे वर गेलाय त्याचं भान नव्हतं. झोप मात्र अजून साडेदहाच्या अलीकडे येत नाही. पुढच्या भेटीला मामालाही बोलावलंय.